'किंवा' या शब्दाचे मोल : मानसिक आरोग्य मंडळांवरील शुभार्थींच्या प्रतिनिधित्वाची चिकित्सा

गोषवारा

मानसिक आजाराचा स्वतः अनुभव घेतलेल्या व्यक्तींना आरोग्यसंस्थांच्या देखरेख व सल्लागार मंडळांवर स्थान असावे, हे तत्त्व मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने भारतात प्रथमच कायद्याच्या भाषेत मान्य केले. तथापि अधिनियमातील शब्दरचना पाहता हे स्थान वरच्या पातळीवर संदिग्ध, मधल्या पातळीवर ऐच्छिक आणि प्रत्यक्ष रुग्णालयाच्या पातळीवर जवळजवळ अनुपस्थित असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात या तरतुदींची संहितानिष्ठ चिकित्सा केली असून स्वानुभवाचे ज्ञानमूल्य, त्याविषयीचे आक्षेप आणि संभाव्य सुधारणा यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मानसिक आरोग्य, शुभार्थी, शुभंकर, प्रतिनिधित्व, पुनर्विलोकन मंडळ, स्वानुभव.

१. प्रस्तावना

भारतातील मानसिक आरोग्यविषयक कायद्यांची चर्चा आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झालेली आहे. रुग्णाला दाखल कसे करावे, हे एक अंग. आणि दाखल झालेल्या रुग्णाला कसे वागवावे, हे दुसरे. या दोन्हींच्या मुळाशी असलेला तिसरा प्रश्न मात्र बराच काळ उपेक्षित राहिला. तो म्हणजे, या गोष्टी ठरविणाऱ्या आणि त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळांत कोणी बसावे? न्यायाधीश, जिल्हाधिकारी, मनोविकारतज्ज्ञ व समाजसेवक यांची नावे या संदर्भात सहज पुढे येतात. ज्याने त्या वॉर्डात दिवस काढले आहेत, त्याचे नाव मात्र सहसा कोणाला सुचत नाही.

'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी असते. दलित साहित्याच्या समीक्षेने सहानुभूती आणि स्वानुभव यांतील अंतर अर्धशतकापूर्वीच अधोरेखित केले. त्याही आधी, १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, ही भूमिका मांडली होती. म्हणजेच 'कोणासाठी कोणी बोलावे' हा प्रश्न महाराष्ट्राच्या वैचारिक परंपरेला नवीन नाही. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मात्र तो अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

२. संज्ञाविचार : शुभार्थी आणि शुभंकर

महाराष्ट्रातील स्वमदत गटांत गेल्या काही वर्षांत दोन अर्थपूर्ण शब्द रूढ झाले आहेत. आजाराला स्वतः सामोरे जाणारी व्यक्ती ती 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणारी व्यक्ती तो 'शुभंकर'. 'वेडा', 'मनोरुग्ण' यांसारख्या शब्दांतील अवहेलना टाळणे हा यामागील एक हेतू होय. परंतु या जोडशब्दांचे महत्त्व तेवढेच नाही. आजाराशी संबंधित दोन भूमिका भिन्न आहेत, दोघांचे दुःख खरे असले तरी ते एक नाही, हे या शब्दांनी भाषेत नोंदविले.

ही भिन्नता व्यवहारात वारंवार प्रत्ययास येते. घरी परत यावे ही शुभार्थीची इच्छा असते. घरी कोण सांभाळणार ही शुभंकराची विवंचना असते. औषधाने येणारी सुस्ती, हातांचा कंप, वाढणारे वजन यांविषयी शुभार्थी तक्रार करतो. औषध बंद झाले तर पुन्हा काय होईल या भीतीने शुभंकर धास्तावलेला असतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. म्हणूनच एकाचे मत विचारले की दुसऱ्याचे विचारण्याची गरज उरत नाही, असे मानता येत नाही.

महाराष्ट्रात शुभंकरांची चळवळ तुलनेने समर्थ आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांनी कुटुंबीयांना एकत्र आणले. 'देवराई' (२००४) या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर दिग्दर्शित चित्रपटाने भावाचा आजार आणि बहिणीची ओढाताण मराठी प्रेक्षकांसमोर आणली. या कार्याचे मोल वादातीत आहे. परंतु शुभंकरांचा आवाज ऐकू येऊ लागला म्हणजे शुभार्थींचा आवाजही ऐकू आला, असा जो समज त्यातून निर्माण होतो, त्याची तपासणी आवश्यक आहे.

३. अभ्यागतांपासून सदस्यत्वापर्यंत

वेड्यांच्या इस्पितळांवर बाहेरच्या व्यक्तींनी देखरेख ठेवावी ही कल्पना वसाहतकालीन आहे. भारतीय वेडेपणा अधिनियम, १९१२ मध्ये प्रत्येक इस्पितळासाठी किमान तीन अभ्यागत नेमण्याची तरतूद होती. त्यांपैकी किमान एक वैद्यकीय अधिकारी असे, आणि तुरुंगांचे महानिरीक्षक हे पदसिद्ध अभ्यागत असत. इस्पितळ आणि तुरुंग यांना एकाच मापाने मोजण्याची शासनाची दृष्टी या रचनेत स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्यानंतर चार दशकांनी आलेल्या मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ ने (अंमल १९९३ पासून) अभ्यागतांची किमान संख्या पाचवर नेली. त्यांत किमान एक वैद्यकीय अधिकारी, शक्यतो मनोविकारतज्ज्ञ, आणि दोन समाजकार्यकर्ते असावेत, तसेच किमान तीन अभ्यागतांनी मिळून दरमहा एकदा रुग्णालयाची पाहणी करावी, असे ठरविण्यात आले. तुरुंगाधिकाऱ्याची जागा समाजकार्यकर्त्याने घेतली, हा बदल निश्चितच स्वागतार्ह होता. परंतु दोन्ही कायद्यांत एक गृहीतक समान राहिले : पाहणारा बाहेरचा आणि पाहिला जाणारा आतला. आतला माणूस कधी पाहणाऱ्याच्या जागी बसू शकेल, ही शक्यता दोन्ही कायद्यांच्या कल्पनेत नव्हती.

पाश्चात्त्य देशांत ही शक्यता पूर्वीच मांडली गेली होती. इंग्लंडमध्ये इस्पितळात राहून आलेल्या जॉन पर्सिव्हल यांच्या सहभागाने १८४५ मध्ये 'अलेज्ड ल्युनॅटिक्स फ्रेंड सोसायटी' ही संस्था उभी राहिली. अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स यांनी स्वतःच्या आजाराचे आणि इस्पितळातील छळाचे कथन १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील मानसिक आरोग्य चळवळीला त्यातून चालना मिळाली. १९७८ मध्ये ज्यूडी चेंबरलिन यांनी 'ऑन अवर ओन' या ग्रंथात रुग्णांनी स्वतः चालविलेल्या पर्यायी सेवांचा पुरस्कार केला. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्याने प्रत्येक संरक्षण यंत्रणेला सल्लागार परिषद बंधनकारक केली. सुधारित तरतुदीनुसार तिचे किमान ६० टक्के सदस्य सेवा घेतलेल्या वा घेत असलेल्या व्यक्ती अथवा त्यांचे कुटुंबीय असावे लागतात, आणि अध्यक्षही त्यांच्यापैकीच असावा लागतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला गेला व भारताने त्याला ऑक्टोबर २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्याच्या अनुच्छेद ४(३) नुसार दिव्यांगांविषयीचे कायदे व धोरणे ठरविताना त्यांच्याशी विचारविनिमय करणे व त्यांना सक्रिय सहभागी करून घेणे राष्ट्रांवर बंधनकारक आहे. अनुच्छेद ३३(३) ने देखरेखीच्या प्रक्रियेतही त्यांचा पूर्ण सहभाग अपेक्षिला आहे. २०१७ चा अधिनियम या कराराशी सुसंगत कायदा करण्याच्या घोषित हेतूने आला. त्यामुळे त्याच्या तरतुदी या कसोटीवर तपासणे न्याय्य ठरते.

४. २०१७ च्या अधिनियमाची संहिता

या अधिनियमात प्रतिनिधित्वाच्या तीन पातळ्या विचारात घ्याव्या लागतात.

पहिली पातळी केंद्रीय व राज्य प्राधिकरणांची. कलम ३४ व कलम ४६ नुसार या प्राधिकरणांवर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे प्रतिनिधित्व करणाऱ्या दोन व्यक्ती, काळजीवाहकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या दोन आणि अशासकीय संघटनांच्या दोन व्यक्ती नेमावयाच्या आहेत. येथे तिन्ही गटांच्या जागा स्वतंत्र आहेत. 'असलेल्या किंवा होऊन गेलेल्या' यातील 'किंवा' व्याप्ती वाढविणारा आहे. बरा झालेला आणि उपचार घेत असलेला असे दोघेही त्यात सामावतात. मात्र 'प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती' स्वतः शुभार्थी असलीच पाहिजे असे या शब्दांतून निष्पन्न होत नाही. शुभार्थींच्या वतीने बोलणारा वकील वा कार्यकर्ताही या जागेवर बसू शकतो. या पातळीवरील दोष संदिग्धतेचा आहे.

दुसरी पातळी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळांची. व्यक्तीच्या आयुष्यावर थेट परिणाम करणारे अधिकार याच मंडळांकडे आहेत. आगाऊ निर्देशात फेरबदल करणे वा तो रद्द करणे, नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणे, दाखल करण्याविरुद्धच्या अर्जांवर निर्णय देणे, सेवेतील उणिवांच्या तक्रारी ऐकणे आणि सहाय्यित दाखल तीस दिवसांपलीकडे चालू ठेवण्यास परवानगी देणे ही कामे या मंडळांची आहेत. कलम ७४ नुसार मंडळात सहा जण असतात : जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यवसायी आणि आणखी दोन सदस्य. हे शेवटचे दोन सदस्य मानसिक आजार असलेल्या व्यक्ती किंवा काळजीवाहक, किंवा या दोहोंपैकी कोणाच्याही संघटनांचे प्रतिनिधी, किंवा या क्षेत्रातील अशासकीय संघटनांचे प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद आहे.

या ठिकाणी 'किंवा' या शब्दाचे कार्य पूर्णतः बदलते. पहिल्या पातळीवर तो समावेशक होता. येथे तो एकाऐवजी दुसऱ्याला बसविणारा झाला आहे. पाच प्रकारच्या व्यक्ती आणि जागा दोन. एक काळजीवाहक आणि एक संस्थाचालक नेमला की मंडळ कायदेशीरदृष्ट्या परिपूर्ण होते; त्यात एकही शुभार्थी नसला तरी कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. शिवाय येथे 'होऊन गेलेल्या' हे शब्दही नाहीत. बरी झालेली व्यक्ती या व्याख्येत बसते की नाही, असा वाद निर्माण होण्यास त्यामुळे वाव राहतो.

या रचनेत गणपूर्तीच्या तरतुदीची भर पडते. सहा सदस्यांच्या मंडळाची गणपूर्ती तीन सदस्यांची आहे. अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि मनोविकारतज्ज्ञ उपस्थित असले की बैठक वैध ठरते. एकमत न झाल्यास बहुमताने निर्णय होतो आणि समसमान मते पडल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक ठरते. अर्थात शुभार्थी नेमला गेला तरी त्याच्या अनुपस्थितीत मंडळाचे काम सुरळीत चालू शकते. अपरिहार्य कोण आणि शोभेचे कोण, हे गणपूर्तीच्या नियमावरून ओळखावे.

तिसरी पातळी प्रत्यक्ष आस्थापनेची, म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालये किंवा एखादे खाजगी नर्सिंग होम यांची. १९८७ च्या कायद्यातील दरमहा येणारे अभ्यागत २०१७ च्या अधिनियमात उरलेले नाहीत. त्यांच्या जागी नोंदणी, चौकशी व कलम ६७ नुसार दर तीन वर्षांनी लेखापरीक्षण अशी व्यवस्था आहे. या परीक्षणात स्थानिक समाजाच्या प्रतिनिधींचा समावेश असावा असे कलम सांगते. बाकीचा तपशील नियमांवर सोपविलेला आहे. परंतु तीन वर्षांतून एकदा होणारे परीक्षण म्हणजे रुग्णालयाच्या दैनंदिन कारभाराविषयी सल्ला देणारे मंडळ नव्हे. जेवण, कपडे, भेटीच्या वेळा, रात्रपाळीतील वागणूक या गोष्टी जेथे ठरतात तेथे शुभार्थीला बसण्यासाठी अधिनियमाने खुर्ची ठेवलेली नाही.

थोडक्यात, शुभार्थी जितका वॉर्डाच्या जवळ येतो, तितके त्याचे कायदेशीर स्थान दुर्बळ होत जाते. वास्तविक त्याच्या ज्ञानाचे मोल नेमके उलट दिशेने वाढते.

५. स्वानुभवाचे ज्ञानमूल्य

शुभार्थीला मंडळावर घेणे ही त्याच्यावर केलेली दया आहे, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे, हे याच अधिनियमाच्या कलम २० वरून दाखविता येते. रुग्णाला स्वतःचे कपडे घालू द्यावेत, गणवेशाची सक्ती करू नये, सक्तीने मुंडण करू नये, बळजबरीने काम करून घेऊ नये, खाजगीपणा जपावा, स्त्रियांना मासिक पाळीच्या काळात आवश्यक वस्तू मिळाव्यात, असे हे कलम सांगते. ही यादी वैद्यकीय पाठ्यपुस्तकातून आलेली नाही. केस कापले गेल्यावर आरशात काय दिसते आणि नाडी नसलेला पायजमा हाताने धरून चालताना काय वाटते, हे ज्ञान केस पेपरवर नोंदले जात नाही. कायद्याने ते ज्ञान स्वीकारले. परंतु ते ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना देखरेखीच्या जागी बसविताना मात्र 'किंवा' आडवा आला.

मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये मांडलेली साक्षीविषयक अन्यायाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. बोलणाऱ्याच्या ओळखीविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या सांगण्याला कमी विश्वासार्हता दिली जाणे, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. मानसिक आजाराच्या बाबतीत हा अन्याय अधिक तीव्र होतो. जेवणात अळ्या होत्या असे रुग्ण सांगतो तेव्हा ते भासाचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. तेच वाक्य अभ्यागताने उच्चारले की तो अहवाल होतो. कलम ३(५) नुसार केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून व्यक्ती 'विकल मनाची' ठरत नाही. तरीही सवयीने ती तशी ठरविली जाते.

महाराष्ट्रातील एक प्रसंग या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. रुग्णालयांत राहणाऱ्या व्यक्तींना राज्यात भिक्षेकरी गृहे व वृद्धाश्रमांत हलविले जात असल्याची बाब सर्वोच्च न्यायालयासमोर आली. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने हा प्रकार अधिनियमाच्या हेतूशी विसंगत ठरवून तो थांबविण्याचे निर्देश दिले. कागदोपत्री पाहता हे स्थलांतर 'पुनर्वसन' म्हणता येण्यासारखे होते. रुग्णालयातील संख्या कमी होत होती. बरे होऊन भिक्षेकरी गृहात जाणे म्हणजे सुटका नव्हे, हे समजण्यासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. वॉर्डातील कोणत्याही रहिवाशाने ते पहिल्याच बैठकीत सांगितले असते.

६. महाराष्ट्रातील एक प्रस्थापित दाखला

स्वानुभवी व्यक्तीला संस्थेच्या कारभारात स्थान देणे अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांना व्यसनमुक्तीच्या क्षेत्राकडे पाहता येईल. डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्ती नव्या रुग्णमित्रांना आधार देतात, समुपदेशन करतात आणि संस्थेची कामे सांभाळतात. त्यांचे व्यसन त्यांची अपात्रता मानली जात नाही. किंबहुना त्यातून बाहेर पडल्याचा अनुभव हीच त्यांची पात्रता असते. समाजानेही हे स्वीकारले आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, २०१७ च्या अधिनियमातील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रांत नाहीत. दुसरी, मुक्तांगणची सुरुवात येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात झाली. एकाच आवारात एका प्रकारच्या रुग्णाचा अनुभव ज्ञान म्हणून स्वीकारला गेला. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाचा अनुभव मात्र लक्षण म्हणूनच नोंदविला जात राहिला. हा भेद वैद्यकीय नसून सामाजिक आहे.

७. आक्षेप व त्यांचा परामर्श

पहिला आक्षेप आजार पुन्हा उलटण्याचा. मंडळाचा सदस्यच आजारी पडला तर काय? परंतु न्यायाधीश वा डॉक्टरही आजारी पडतात. तेव्हा रजा व पर्यायी सदस्य ही व्यवस्था पुरेशी समजली जाते. तीच येथेही पुरेशी आहे. दुसरा आक्षेप हितसंबंधांचा. ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत त्याच रुग्णालयाच्या प्रकरणात शुभार्थी सदस्याने निर्णय देऊ नये, हे मान्य करता येईल; मात्र हाच निकष त्या रुग्णालयाशी संबंधित मनोविकारतज्ज्ञालाही लावावा लागेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मंडळावर येणारा शुभार्थी बहुधा शहरी, शिक्षित, कुटुंबाचा आधार असलेला आणि सभेत बोलू शकणारा असेल. वीस-वीस वर्षे रुग्णालयात राहिलेली, घरचा पत्ता विसरलेली वा घरच्यांनीच विसरलेली ग्रामीण स्त्री त्याच्यात कितपत प्रतिबिंबित होईल? हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय मात्र जागा काढून घेणे हा नसून वाढविणे हा आहे. एकट्या सदस्यावर साऱ्या समूहाचा भार टाकला की तो आपोआप अपुरा ठरतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत आलेल्या स्त्रियांचा अनुभव बोलका आहे. जागा मिळाली, पण अनेक ठिकाणी कारभार 'सरपंचपती'ने पाहिला. शुभार्थीच्या जागेवर शुभंकर बसविण्याची मुभा देणारी तरतूद सरपंचपतीला कायदेशीर करण्यासारखी आहे.

चौथा आक्षेप शुभार्थींच्या चळवळीतूनच आलेला आहे. पुण्यात १९९९ मध्ये 'बापू ट्रस्ट' स्थापन करणाऱ्या भार्गवी दावर (निधन २०२४) यांनी, संमतीविना दाखल व उपचार यांना वाव देणारा हा अधिनियम आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत असल्याची टीका सातत्याने केली. ही टीका मान्य केली तर पुनर्विलोकन मंडळावर बसणारा शुभार्थी दुसऱ्या शुभार्थीच्या बंदिवासाची मुदत वाढविण्यात भागीदार होतो. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मंडळांवर मोजके निवडक प्रतिनिधी बसवून समाधान करण्याला त्यांनी खऱ्या सहभागात गणलेले नाही. त्या शिडीवरील तळाच्या दुसऱ्या पायरीला त्यांनी 'उपचार' हे नाव दिले होते, ही बाब प्रस्तुत संदर्भात विशेष अर्थपूर्ण वाटते.

या आक्षेपाला संपूर्ण उत्तर देता येत नाही. परंतु मंडळाबाहेर राहिल्याने मुदतवाढ थांबत नाही; ती फक्त एकमताने होते. असहमतीची नोंद इतिवृत्तात कारणांसह करण्याचा हक्क मिळाल्यास उच्च न्यायालयातील अपिलात ती नोंद उपयोगी पडू शकते. सहभाग आणि संमती या एकच गोष्टी नव्हेत, हा फरक कार्यपद्धतीत उतरविला पाहिजे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, कलम ७४ मधील दोन जागांचे विभाजन करून किमान एक जागा केवळ मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तीसाठी राखीव असावी. काळजीवाहकांची जागा स्वतंत्र असावी. दोन, तीस दिवसांपलीकडील दाखल आणि आगाऊ निर्देशांविषयीच्या बैठकीत शुभार्थी सदस्याची उपस्थिती गणपूर्तीसाठी आवश्यक मानावी. तीन, प्रत्येक शासकीय मनोरुग्णालयात सल्लागार समिती असावी व तीत किमान दोन शुभार्थी असावेत. त्यांतील एक दीर्घकाळ निवासी राहिलेला असावा. चार, समितीचे कामकाज व कागदपत्रे मराठीत असावीत, प्रवासखर्च व भत्ता इतर सदस्यांइतकाच असावा आणि असहमती नोंदविण्याची तरतूद असावी. यांपैकी शेवटच्या दोन सूचनांसाठी कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्य शासनाच्या प्रशासकीय निर्णयानेही त्या अंमलात येऊ शकतात.

मराठी भाषेने शुभार्थी आणि शुभंकर असे दोन शब्द घडवून दोन माणसांना वेगवेगळी ओळख दिली. कायद्याने त्या दोहोंमध्ये 'किंवा' ठेवला. या जागी 'आणि' येईपर्यंत शुभार्थीविषयीचे निर्णय त्याच्यावाचून होत राहण्याची शक्यता कायम राहील.